बुसैतीनच्या बंगल्याचे छज्जे

ग्रीकांची देवळं पाहून इटलीत खांबांची घरं झाली, ती पाहून इंग्रजांनी आपल्या ओल्या, थंड मुलुखात तशीच बांधली. या नकलेची शेवटची नक्कल बहारीनमधल्या बुसैतीनच्या वाळूवर उभी करण्याचं काम ऐंशीच्या सुमारास माझ्या गळ्यात पडलं. मी पुण्याहून आलेला साइट इंजिनिअर. मालक बहारीनी व्यापारी. ते इंग्लंडमध्ये एका बड्या घरी दोन रात्री पाहुणे राहिले आणि येताना फोटोंचा गठ्ठा घेऊन आले.

फोटोत होतं ते सगळं हवं होतं. दर्शनी सहा खांब, वर देवळाच्या कपाळासारखा त्रिकोण, दिवाणखान्यात संगमरवरी शेकोटी. शेकोटीत एसी बसवायचा असं ठरलं. पुढे हिरवळ आणि तिच्या टोकाला मेंढरं आत येऊ नयेत म्हणून खणलेला चर. चर महिनाभरात वाळूने भरला आणि शेजारच्या बकऱ्या त्यावरून चालत येऊन हिरवळ खाऊ लागल्या. मी दर शनिवारी चर उपसून घ्यायचो. मला पगार त्याचाच होता.

मालकांची खरी अडचण वेगळी होती. त्यांची आई मुहर्रक गावातल्या जुन्या घरात राहायची आणि तिला सोडून ते नव्या घरात जाणार नव्हते. आईने सांगितलं होतं, "दुपारी येऊन बसून बघेन. मग ठरवेन." एसीने तिचे गुडघे धरायचे, त्यामुळे तिची खोली एसीवाचून राहण्याजोगी हवी होती. आई नाही म्हणाली की सगळा बंगला पाहुण्यांना दाखवण्यापुरता.

त्यातच मी महिनाभर रजेवर पुण्याला गेलो. परत येऊन पाहतो तर दक्षिणेच्या दहाही खिडक्यांवर दोन-दोन फुटांचे काँक्रीटचे छज्जे.

मुकादम रत्नागिरीकडचा, वीस वर्षं भिंतींत खिडक्या काढत आलेला.

"हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगाया कशाला होवा, सायेब? खिडकी हाय, मंग छज्जा नको?"

"नकाशात नाही."

"इसरला आसंल गोरा."

गोरा, म्हणजे लंडनहून महिन्यातून एकदा येणारा वास्तुविशारद, काही विसरला नव्हता. तो हिरवळीवर उभा राहिला, घराला पापण्या फुटल्यात म्हणाला आणि सगळे फोडायला सांगून विमानतळावर गेला. मी मुकादमाला झापलं. पण खरं सांगायचं तर, रजेवर नसतो तर मीही ते छज्जे नकाशात न बघताच ओतून घेतले असते. आपल्याकडे छज्जा कुणी नकाशात काढून दाखवत नाही, तो असतोच.

गुरुवार संध्याकाळपर्यंत नऊ फुटले. पूर्वेच्या टोकाचा राहिला. शुक्रवारी सुट्टी. आणि शुक्रवारीच, भर दुपारी, मालक आईला घेऊन आले.

म्हातारी खोलीखोलीत गेली. प्रत्येक खिडकीच्या कट्ट्यावर तळवा ठेवायची आणि काढून घ्यायची. मालक खांबांची उंची सांगत होते. तिने वर पाहिलंही नाही. लहानपणी ती मुंबईत राहिलेली, त्यामुळे माझ्याशी थेट हिंदीत बोलायची. "मुहंदिस, ये घर है या तंदूर?" मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, अर्थात मी. मालकांचा चेहरा उतरला.

शेवटच्या खोलीत तिने कट्ट्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग खाली फरशीवर बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. "इधर रहूँगी," म्हणाली.

मालकांनी मला बाजूला घेतलं. "या खोलीत काय वेगळं केलंत?"

"काही नाही. हिच्यावरचा छज्जा उद्या फोडायचाय."

"खलास, बस्स," ते म्हणाले. "हात लावायचा नाही."

लंडनला तार गेली. उत्तर आलं ते अटीसह. एका टोकाला छज्जा राहणार असेल तर दुसऱ्या टोकालाही हवा, नाहीतर दर्शनी बाजूचा तोल जाईल. दुसऱ्या टोकाला जिना होता. तिथे खिडकीच नव्हती, नुसती चौकट आणि आत गिलावा, बाहेरून जोडी दिसावी म्हणून. मी राजधानीत, मनामाच्या ऑफिसात बसून भिंतीला सावली देणाऱ्या छज्ज्याचा नकाशा काढला, सळ्यांच्या तपशिलासकट. मुकादमाने तो उलटसुलट करून पाहिला. "भिताडाला ऊन लागतंय व्हय?" नऊ चांगले छज्जे आम्ही फोडले होते आणि हा अकरावा नव्याने ओतत होतो.

रमझानच्या आधी म्हातारी गादी, सुरई आणि दोन ट्रंका घेऊन आली. गाडीतून उतरून तिने घर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"उधर कौन रहता है?"

"कोई नहीं, अम्मा. दीवार है."

"दीवार के ऊपर छाँव?"

"जी."

तिने मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि खांबांना वळसा घालून मागच्या दाराने आत गेली.