श्रीपत कायद्या आणि सभामंडपाचे सहा दिवे

आमच्या वाडीत श्रीपतला कोणी वायरमन म्हणत नाही, ‘कायद्या’ म्हणतात. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात त्याने वीस वर्षं विजेची कामं केली आणि येताना तिथले नियम तेवढे घरी आणले. लग्नाला गेला तरी नवरीआधी छत बघतो. वायरचा जोड डब्यात नसून नुसता लोंबताना दिसला, की त्याला घास उतरत नाही. असा माणूस शेजारी असणं म्हणजे डोक्याला ताप. माझ्या घरातलं वायरिंग त्याने दोनदा उपसलंय.

यंदा देवळाच्या सभामंडपाला नवं छत झालं. त्याला सहा दिवे, सहा घरांनी दिलेले, सगळे एकाच मापाचे. कोपऱ्यातला शेवटचा रखमाकाकीचा. तिचा नवरा गोमाजी त्या कोपऱ्यात बसून चाळीस वर्षं पखवाज वाजवायचा. तो गेला. आता त्याच्या जागेवर चांगला उजेड पडावा, एवढंच म्हातारीचं मागणं होतं.

कुशाबा म्हणजे वाडीतलं बडं प्रस्थ. काम सुरू झालं त्याच दिवशी तो शिडीखाली येऊन उभा राहिला.

“वायर आधी माझ्या दिव्याला लाव. पहिल्याला करंट जास्त, शेवटच्याला उरलंसुरलं.”

रखमाकाकीचं तोंडच उतरलं. “श्रीपता, मंग माझा दिवा मिणमिणणार काय रे?”

“नाय गो काकी. समद्यांना सारखंच.”

म्हातारीला पटलं नाही. आमच्या वाडीत सगळ्यांना सारखं असं आजवर काय मिळालंय?

कुशाबाचं चालूच. “ही हिरवी वायर कशाला? दिव्याला दोन पुरतात. आणि जोडाला नुसती टेप गुंडाळ. छतावर कोण बघायला जातंय?”

“आग जाते,” श्रीपत म्हणाला. अर्थिंगची हिरवी वायर त्याने सहाही दिव्यांना फिरवली आणि एकूण एक जोड डब्यात घातला.

संध्याकाळी आरतीला दिवे लागले. सहाही लख्ख.

“बघा, माझाच उजवा हाय,” कुशाबा म्हणाला. काकीने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्यावरच विश्वास ठेवला आणि मान खाली घातली. मला कुशाबाचा असा राग आला!

श्रीपतने मेन बंद केला, शिडी चढून कुशाबाच्या दिव्याचा बल्ब काढला, रिकाम्या होल्डरवर टोपण बसवलं आणि मेन पुन्हा चालू केला. पाच दिवे पहिल्यासारखेच लागले. आपल्या दिव्याखाली उभा कुशाबा अंधारात.

“दादा, पहिला काढला. शेवटच्याचं काय अडलं?”

काकी कोपऱ्यात गेली, उजेडात दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघितले आणि गोमाजीच्या जागेवर बसली. मग म्हणाली, “श्रीपता, आमची नळाची लाइन पण अशीच जोड. टाकीजवळ कुशाबाचा नळ, शेवटी माझा. एक हंडा भराया सकाळ जाते.”

कायद्याकडेही याला नियम नव्हता.

“उद्या माझा कॉक अर्धा बंद करतो,” अंधारातून कुशाबा पुटपुटला. “आता लाव तो बल्ब.”

श्रीपतने बल्ब खिशात घातला.

“आधी काकीचा हंडा भरू दे.”