चप्पल आणि पुस्तक

ढाणकीच्या स्टँडवर उमरखेडची गाडी काही केल्या येईना. बाकावर माझ्या शेजारी तिशीतला एक माणूस बसला होता. तो जेवणाचा डबा बाकावर ठेवायचा, मग बाकाखाली, मग पिशवीच्या मागे, आणि दर वेळी इंग्रजीत काहीतरी पुटपुटायचा. डोक्यावर परिणाम झालेला दिसतो, असं समजून मी जरा सरकून बसलो.

ते पाहून तो ओशाळला. "मास्तर हावो जी, तिसरीचा. पोट्ट्यायले इंग्रजीत वर, खाली, मांगं शिकवून राह्यलो. काल साहेब आलते तपासाले. मी गडबडलो, समोर दिसलं ते बोललो. इंग्रजीत सांगतलं, चप्पल पुस्तकावर ठेवा. एकही पोट्टं जागचं हाललं नाही. साहेब म्हणे, यायले काहीच येत नाही."

"शिकवलं होतं ना तुम्ही?"

"परवा तर सारे बरोबर सांगत होते. डबा पिशवीवर ठेवा म्हटलं का ठेवत होते."

मग त्यानं पायातली चप्पल काढून आमच्या मधे ठेवली. पिशवीतलं तिसरीचं पुस्तक काढून तिच्या शेजारी ठेवलं.

"ही चप्पल पुस्तकावर ठेवा बरं."

मी चप्पल उचलली आणि तशीच हातात धरून बसलो. काय झालं मलाच कळेना. शेवटी ती खाली ठेवली, पुस्तक उचललं आणि नकळत कपाळाला लावलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"तुम्हाले तं मी मराठीत सांगतलं जी."