तिसऱ्या रांगेतली, शेवटून दुसरी

आमच्या शाळेची सकाळची कवायत बारा वर्षं मी घेतच नव्हते. पगार मला मिळायचा, कवायत माझ्या आधीच्या पीटीच्या बाई घ्यायच्या. आणि त्या मी रुजू व्हायच्या आधीच वारल्या होत्या.

व्यवस्था सोयीची होती. त्या बाई मैदानावर माइकवरून कवायत घेत असताना कुणीतरी ती कॅसेटवर भरून ठेवली. कॅसेटची सीडी झाली, सीडीवरून पेन ड्राइव्हवर आली. बोरीवलीतल्या मराठी शाळेत पीटीच्या बाईनेच खिचडीची रांग सांभाळायची, तिनेच सहलीची. आवाज आयता मिळत असेल तर कोण नको म्हणेल? मी बटण दाबायचे आणि मुलांमधून फिरायचे.

रेकॉर्डिंगच्या शेवटी ताडासन होतं. हात वर, बोटं गुंफा, टाचा उचला. इथे बाई थांबायच्या आणि एकदम ओरडायच्या, "तिसऱ्या रांगेतली, शेवटून दुसरी! कोपर वाकलंय." मग चार-पाच सेकंद काही नाही. मग, "हं. आता बरोबर." आणि पुढची मोजणी.

ओरडा खाल्लेली ती मुलगी कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढा भाग कापला तर मोजणीची लय तुटते, म्हणून कुणी कापला नाही. पण तिसऱ्या रांगेत शेवटून दुसरी मुलगी रोज कुणीतरी असतेच. मुली त्या जागेला 'बाईंची जागा' म्हणायच्या. उंचीप्रमाणे रांग लावली तरी शाळेत नवीन आलेली मुलगीच तिथे कशी पोचते, ते मला दिसत होतं. मी सोडून दिलं होतं.

गेल्या वर्षी तिथे सहावीतली एक मुलगी आली, कणकवलीहून नुकतीच आलेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचं उजवं कोपर सुजलेलं दिसलं.

"पडलीस?"

"आता नाय, बाई. चौथीत. गावी आंब्यावरून."

तिथल्या हाडवैद्याने हात बसवला होता. कोपर पूर्ण सरळ होतच नव्हतं. हे मला जूनमध्येच दिसायला हवं होतं. पण मी फक्त फिरत होते. बघायचं काम त्या आवाजाचं, असं मी धरून चालले होते.

"मग सूज कसली ही?"

"घरी भरलेली बादली धरून उभी रहातंय. हात सरळ होवक."

"कुणी सांगितलं हे उद्योग करायला?"

तिने जिन्यावरच्या स्पीकरकडे पाहिलं. "बाई बघतत ना."

"अगं येडे, ते रेकॉर्डिंग आहे. त्या बाई कधीच्या गेल्या."

"म्हायत आसा. सगळ्यांका म्हायत आसा." मग खाली बघून म्हणाली, "पण बाकीच्यांका त्या 'आता बरोबर' म्हणतत. माका नाय म्हणत."

जुनं मोडलेलं कोपर असं ओढून ताणलं तर कायमचं आखडू शकतं. मी त्याच दुपारी तिच्या आईला बोलावून हाडाच्या डॉक्टरकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी गैरहजर होती. शिपाई मामांना बटण दाबायला सांगून मी तिच्या जागेवर जाऊन उभी राहिले. ओरडा आला. पाच सेकंद गेले. मग थेट मोजणी सुरू झाली. मधलं वाक्य नाही. माझे हात वर होते. मी ते कधी उचलले, मला आठवत नाही. कोपरं दुखेपर्यंत ताणलेली होती.

मामा स्टेजजवळून म्हणाले, "बोलल्या की बाई. नेहमीसारख्याच." ऑफिसात लावून पाहिलं तर वाक्य होतं, स्वच्छ. स्पीकरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, शेजारी रीडेव्हलपमेंटचा टॉवर झालाय, आवाज आपटून परत येतो, एखाद्या जागी गिळला जातो. मला पटलं. मग ओरडा का नाही गिळला जात, हे मी त्याला विचारलं नाही.

दोन दिवसांनी मुलगी आली, हात झोळीत. डॉक्टरांनी महिनाभर खांद्याच्या वर न्यायला मनाई केली होती. मी तिला बाकावर बसवलं आणि मामांना बटणाची खूण केली. ताडासन सुरू झालं तेव्हा बाक रिकामा होता. ती आपल्या जागेवर उभी होती. ओरडा आला आणि तिने झोळीतून हात काढून वर नेला.

मी धावत जाऊन पेन ड्राइव्ह उपटला.

"हात खाली!"

तीनशे मुलं टाचा उचलून, हात वर करून तशीच उभी. मी पुन्हा ओरडले. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे स्पीकरकडे बघत होते. पहिलीतल्या पोरांचे पाय थरथरत होते, तरी एकही टाच खाली येईना.

मी तिसऱ्या रांगेत गेले. तिचं कोपर तळहातात धरलं आणि खाली आणायला लागले. अकरा वर्षांची काटकुळी पोर, पण हात येईना. ती जोर लावत नव्हती. तिची बोटं सैल होती. वरूनच कुणी धरल्यासारखा तो हात अडला होता.

"सोडा," मी म्हणाले. 'सोड' म्हणायचं होतं.

हात आला. मग शेजारणीचे आले, मग रांगेचे, मग मैदानभर धप धप टाचा टेकल्या.

कवायत आता मी स्वतः घेते, घसा बसतो. मुलीचं कोपर आखडायचं वाचलं, पण सरळ कधीच होणार नाही असं डॉक्टर म्हणाले. ते मी वर्गात नाही, तिला मैदानावर उभं करून, बंद स्पीकरकडे बघत सांगितलं, चांगलं मोठ्याने: "हिचा हात एवढाच होतो. कुणीही हिला टोकायचं नाही."

मुलांना वाटलं, मी त्यांना दम दिला.