आत्यांची जागा

बाजाराच्या दिवशी बांगडीवाल्या आत्या सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. आम्हांला वाटे, कसला तरी उपास असेल. पेठेच्या कोपऱ्यावर तीस वर्षं त्यांची बैठक. वाड्यावस्त्यांवरून आलेल्या बायकांचे राठ हात दाबत त्या म्हणायच्या, "हात सैल सोड बाई, बांगडी आपली वाट काढती." साऱ्या बाजाराच्या त्या आत्या, म्हणून माझ्याही.

दुकानं हमरस्त्याला गेली आणि आमच्या तालुक्याच्या गावातली ही जुनी पेठ ओस पडत गेली. तिच्यात पुन्हा जीव आणायचं ठरलं, तेव्हा आराखड्याचं काम मी नोकरी करत होते त्या कचेरीकडे आलं. मी फरसबंदी, बाकं, दिवे, मधोमध कारंजं असं सगळं हौसेनं काढलं आणि आधी आत्यांना दाखवायला नेलं.

त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, बायकांनी जायचं कुठं? मला प्रश्नच कळेना.

"मी बाजाराला पानी का पीत न्हाई, तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

तेव्हा कुठं कळलं. मी बाई. ह्याच पेठेत वाढलेली. पण माझं घर पाच मिनिटांवर होतं. त्या कागदावर पाखरांसाठी पाण्याचं भांडंसुद्धा मी आठवणीनं काढलं होतं.

कारंजं खोडून मी बायकांसाठी स्वच्छतागृह काढलं. वरच्यांनी कुरकुरत मान्य केलं, पण गटाराची लाइन पोचत होती एकाच जागी, आत्यांच्या कोपऱ्यापाशी. हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? दोन दिवस टाळून शेवटी गेले. त्यांनी निम्म्यातच मला थांबवलं.

"मंग घे की ती जागा."

मी थक्क झाले. तुम्हांला मागच्या बोळात बसावं लागेल आणि तिथं गिऱ्हाईक येणार नाही, मी म्हणाले.

"गिऱ्हाईक हुडकत यील. अडलेल्या बाईला हुडकत बसाया येळ नसतो."

काम झालं. लांबच्या बायका आता दुपार टळली तरी बाजारात रेंगाळू लागल्या, बंद दुकानांच्या फळ्या उघडल्या, पेठ पुन्हा गजबजली. लोकांनी दिव्यांचं आणि बाकांचं कौतुक केलं. आत्यांना हुडकत मात्र फारसं कुणी बोळात गेलं नाही. दोन वर्षांत त्यांनी माल मोडला आणि बेलापूरला लेकीकडे राहायला निघाल्या.

स्टँडवर मी त्यांची माफी मागू लागले. त्यांनी ती ऐकूनच घेतली नाही. एस.टी.त चढून त्या खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्या दाराची कडी लागत न्हाई. बाया एका हातानं दार धरून बसत्यात. तेवढं बघ."

गाडी गेल्यावर मी तशीच पेठेत आले. कडी खरंच लागत नव्हती. आणि तेव्हा ध्यानात आलं, मीच काढलेल्या त्या दारातून दोन वर्षांत मी पहिल्यांदाच आत आले होते.