नकाशात नसलेली खोली

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी सांगितलंत, की घरात जागा पुरत नाही म्हणून सामान ठेवायला तिकडे भाड्याची खोली घेतली आहे. फोन ठेवला आणि एक हिरवी पत्र्याची पेटी डोळ्यांसमोर आली. नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. या पेटीचं मात्र पुसट झालेलं नाही.

मी तेव्हा सांगलीत सहायक पोलीस निरीक्षक होते. विश्रामबागेतल्या एका अपार्टमेंटमध्ये राहणारे निवृत्त सुभेदार ठाण्यात आले. मूळ गाव साताऱ्याकडचं. स्वतःच्या शेतातल्या ऊसतोडीवर लक्ष ठेवायला महिनाभर गावी गेले होते. परतले तर तळघरातल्या खोलीत ठेवलेली पेटी नव्हती. पेटीत पदकं, सेवेची कागदपत्रं आणि ते सीमेवर असताना पत्नीने लिहिलेली पत्रं. पत्नी आता हयात नव्हती.

"पदकं गेली तर गेली," ते ताठ बसून म्हणाले. "पत्रं तेवढी पायजेत."

ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली. दुसऱ्याच दिवशी नाव न सांगता एक फोन आला. पेटी वॉचमनने टेंपोत चढवली, मी स्वतः पाहिलं, एवढंच सांगून माणसाने फोन ठेवला.

वॉचमन जतकडचा, पन्नाशीचा. मेंढरं विकून शहरात आलेला. जिन्याखालच्या खोलीत बायको आणि नर्सिंग शिकणाऱ्या मुलीसह राहायचा. सगळे त्याला मामा म्हणत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याला रविवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगूनही टाकलं होतं.

आधी घटनास्थळाचा पंचनामा करायला गेले. तळघरात प्लायवूडच्या अकरा खोल्या, प्रत्येकीला कुलूप. काही रहिवाशांच्या, काही बाहेरच्या दुकानदारांना भाड्याने दिलेल्या. पंचनाम्याला जोडायला मी इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत मागवली. नकाशात तळघरात गाड्यांच्या रेघा होत्या. खोली एकही नव्हती. रहिवासी विभागात पार्किंगच्या जागेत भाड्याचं गोदाम चालवता येत नाही, हा साधा नियम.

"मॅडम, मग चोरी कुठं झाली म्हणून लिहू?" हवालदाराने विचारलं. "कागदावर खोलीच न्हाई."

"आवं, सगळ्या बिल्डिंगीत असंच असतंय," सेक्रेटरी म्हणाले. "तुमी चोराचं बघा."

ऊन फार होतं. पंचनामा पूर्ण करायला आम्ही मामाच्या खोलीत बसलो. त्याच्या बायकोने चहा दिला. मी तो प्यायले आणि तिच्या नवऱ्याला ठाण्यात घेऊन गेले.

"टेंपोत पेटी तुम्ही चढवलीत?" मी विचारलं.

"व्हय. चढवली."

हवालदार खूश झाला. "बघा मॅडम, फुटली केस! गड्यानं एका दमात कबूल केलं."

मी वही मिटणार होते. पण खोटं बोलणारा माणूस इतकं सरळ बघत नाही. म्हणून आणखी एक प्रश्न विचारला. "पेटीबरोबर दुसरं काय चढवलं?"

"समदंच की, बाईसाहेब."

मग त्याने यादी सांगितली. पहिल्या खोलीतला पाळणा, एक पाय मोडलेला. दुसरीतले दोन कूलर, एकाची जाळी फाटलेली. असं अकरा खोल्यांचं सामान, कागद न बघता. हवालदार लिहून दमला.

"एवढं मोजून ठेवलंस व्हय रं?"

"मेंढरं कोन मोजतंय? त्वांड वळखायचं," मामा म्हणाला. "समदी गेली. चौथ्या दिवशी परत आली. हिरवी पेटी तेवढी म्हागं ऱ्हायली. म्या तवाच सेक्रेटरीसायबास्नी बोललो, एक कमी हाय."

सुभेदार गावी असताना महापालिकेचे लोक पार्किंग तपासायला येणार असल्याची कुणकुण लागली, तेव्हा सेक्रेटरींनी तळघर रिकामं करून सामान पलूसच्या आपल्या बेदाण्याच्या शेडमध्ये हलवलं होतं. खोल्यांच्या फळ्यासुद्धा उतरवल्या होत्या आणि तपासणी झाल्यावर पुन्हा बसवल्या होत्या.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"कुनाला बोलू नगं म्हनले. शबुद दिलता. आनि समद्यांनी पेटीचंच इचारलं. बाकीचं कुनी इचारलंच न्हाई."

त्याच दुपारी सेक्रेटरींना घेऊन पलूसला गेलो. बेदाण्याच्या क्रेटच्या थप्पीमागे पेटी होती. कुलूप शाबूत. सेक्रेटरींची मान खाली. त्यांनी पेटी चोरली नव्हती, ती नजरचुकीने राहिली होती. पण फिर्याद झाल्यावर खरं सांगितलं असतं, तर खोल्या उघड झाल्या असत्या. टेंपो जाताना आणि येताना साऱ्या इमारतीने पाहिला होता. सुभेदार सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे गप्प होते.

सुभेदारांनी ठाण्यातच पेटी उघडली. पत्रांचा गठ्ठा उचलला आणि पदकं तिथेच विसरून निघाले. हवालदार मागे धावला.

मामाचं नाव प्रकरणातून काढलं. मंजूर नकाशाची प्रत जोडून मी महापालिकेला अनधिकृत बांधकामाचं पत्र पाठवलं. माझं काम नीट झालं, असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी मामा ठाण्यात आला. खांद्यावर वळकटी, मागे बायको आणि मुलगी. तळघरातल्या खोल्या पाडल्या होत्या. त्यांच्याबरोबर जिन्याखालचीही.

"आमची बी नकाशात न्हवती म्हनं," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. "तुमी मला सोडवलं, त्ये सांगाया आलो. गावाकडं चाललो."

मुलीची परीक्षा दीड महिन्यावर होती. मी फोन करून तिची वसतिगृहात सोय केली. तेवढंच हातात उरलं होतं. आईबाप जतच्या एस.टी.त बसले.

नियम चुकीचा नव्हता. पत्रही चुकीचं नव्हतं. पण त्या खोलीत बसून मी पंचनामा लिहिला होता, चहा प्यायले होते, आणि ती नकाशात आहे का, हे पाहिलं नव्हतं. मामाला अकरा खोल्यांतली प्रत्येक वस्तू ओळखता येत होती. मला त्याची एक खोली दिसली नाही. दिसली असती, तर पत्राआधी त्याला महिनाभराची मुदत मिळवून देता आली असती.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अशा प्रत्येक पत्रावर सही करण्याआधी मी हवालदाराला एकच विचारायचे. तिथे राहतं कोण?