जेवणाआधीचे गाणे

गाणे सुरू करण्यापूर्वी काका गिटारच्या खुंट्या सैल करीत आणि म्हणत, "थोडं खाली घेऊ." मग करंगळीत काचेची नळी घालून ती तारांवरून सरकवीत. सूर एका जागी न थांबता विव्हळत पुढे जाई. असे एखादे काका तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांना ओळखतात सगळे, ऐकत मात्र कोणी नाही.

नागपूरहून अमेरिकेत आलेले हे इंजिनिअर अल्फारेटात माझे शेजारी होते. जॉर्जियातल्या छोट्या बारमध्ये ते शनिवारी गात. चाल अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ब्लूज गाण्यांची, संथ. शब्द स्वतःचे, मराठी. त्यांची एकच सीडी निघाली. तिची खोकी गॅरेजमध्येच राहिली.

"बारमध्ये एक अक्षर कळत नाही, तरी लोक बसतात," ते म्हणत. "आपल्यांना कळतं ना, म्हणून उठतात."

मराठी मंडळ त्यांना दर गणपतीत जेवणाआधीची वेळ देई. ध्रुवपद संपेपर्यंत सभागृह रिकामे होई.

गेल्या वर्षी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली. पुढे आवाज राहणार नव्हता. त्यांनी मंडळाच्या कार्यवाहाकडे एकच मागणी केली: या गणपतीत एक गाणे पूर्ण होऊ द्यावे, जेवण त्यानंतर.

"डन, काका. तुमचं झाल्याशिवाय एकही झाकण उघडणार नाही."

त्याने शब्द पाळला. झाकणे बंदच राहिली. पण दुसऱ्या कडव्याला लोक ताटे घेऊन बंद झाकणांसमोर रांगेत उभे राहू लागले. रांगेच्या टोकाकडून कोणीतरी आपुलकीने म्हणाले, "चालू द्या काका, आम्ही इथनं ऐकतोय."

काकांनी समोरच्या पाठींकडे पाहिले. नळी तारेवरच थांबली.

"उघड रे झाकणं," ते माइकवर म्हणाले. "पोरं भुकेली आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या टाळ्या त्यांना मंडळात कधीच मिळाल्या नव्हत्या.

परवा मी त्यांच्याकडे गेलो. ते पोर्चमध्ये गिटार घेऊन बसले होते. गळ्याला पांढरी पट्टी होती. "काका, ते राहिलेलं कडवं वाजवता?" मी विचारले. ते हसले आणि खुंट्या सैल करू लागले. तारा लोंबू लागल्या, तरी त्यांचा हात थांबेना. मग त्यांनी नळी फिरवली. नुसती काच घासल्याचा आवाज आला. तो संपेपर्यंत ते माझ्याकडे पाहत होते, मी उठतो की काय म्हणून.