मामाची सही

गावात सगळे त्यांना चष्मेवाले सर म्हणत. दिवसभर दुकानात भिंगं घासायची, फ्रेमचे बारीक स्क्रू आवळायचे आणि पाच वाजले की शटर ओढून गोदामामागच्या मैदानावर मुलींना व्हॉलीबॉल शिकवायचा, असा त्यांचा एकवीस वर्षांचा नेम. मुलींचा खेळ बघण्यासारखा झाला की शहरातल्या क्लबचं बोलावणं यायचंच. तिथे लाकडी फरशीचा हॉल होता, मोठ्या स्पर्धा होत्या. सरांकडे एक जाळी आणि सहा बॉल.

"आपली बालवाडी," ते हसून म्हणत. "शिकवायचं आणि पुढच्या शाळेत सोडायचं." हसू मात्र ओठांपुरतंच असे.

त्या वर्षी संघात मोजून सात मुली होत्या. खेळ जुळवून देणारी सेटर म्हणजे सरांची सख्खी भाची. एका दुपारी तिने दुकानात येऊन क्लब बदलण्याचा फॉर्म काउंटरवर ठेवला.

"मामा, सही हवी होती."

"आईला माहीत आहे?"

"आई म्हणाली, मामा नको म्हणाला तर जायचं नाही."

सरांनी फॉर्म दोनदा वाचला. "तिथे तुझ्यासारख्या चार सेटर असतील. राखीव म्हणून बसवतील."

"बसेन."

त्यांनी सही केली.

ती गेली, मागोमाग तिची मैत्रीणही खेळ सोडून बसली. सहा जणी लागतात तिथे पाच मुलींचा संघ कुठे उतरवणार? सरांनी लीगमधून नाव मागे घेतलं.

शहरात भाची दोन हंगाम राखीवच राहिली. तिसऱ्या वर्षी यादीत तिचं नावच नव्हतं. ती घरी परतली, पण मैदानाकडे फिरकली नाही. शेवटी सरच बहिणीकडे गेले.

"उद्या येतेस? लहान मुलींना जरा दाखव."

भाची कपड्यांच्या घड्या घालत होती. "नको मामा. बॉल हातात घ्यावासाच वाटत नाही."

ती आत गेल्यावर बहीण हळूच म्हणाली, "दादा, तू तेव्हा नाही म्हणायला हवं होतंस."

"आयुष्यभर चिडली असती माझ्यावर."

"चिडली असती. पण खेळत तरी राहिली असती."

सरांसमोरचा चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर एक नवी मुलगी आली होती. तिची बोटं बॉलखाली अशी अलगद जात होती की सर बघतच राहिले. "हिच्या हातात खेळ आहे," असं शेजारी उभ्या असलेल्या तिच्या वडिलांना सांगायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गप्प राहिले.